सहा ते सहा-पाच

सहा वाजून नऊ मिनिटांनी मुक्ता गायकवाड जपानीच्या वर्गात शिरली. धापा टाकत मागच्या बाकावर बसली, वही उघडली आणि समासात लिहिलं, 'चार मिनिटं उशीर'.

फळ्यापाशी उभी असलेली श्रद्धा हसली. दिवसा ती एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायची आणि संध्याकाळी टिळक रोडवरच्या या खोलीत जपानी शिकवायची. आधीचे सर कंपनीच्या कामासाठी टोकियोला गेले, तेव्हापासून वर्ग तिच्याकडे होता.

"काकू, एवढं पळत येऊ नका. पहिली दहा मिनिटं मी उजळणीच घेते."

"वेळापत्रकात सहा-पाच आहे," मुक्ता म्हणाली.

वेळापत्रक तिच्या घरी फ्रिजवर चिकटवलेलं होतं. तिनेच पट्टीने रकाने आखून, बँकेतल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं. पावणेसहाला पोहणं. सातला चित्रकला. साडेआठला बुद्धिबळ. अकरा ते पाच कोरं. पाच ते सहा पेटी. सहा-पाच ते सात-पाच जपानी. साडेसातला कॉम्प्युटर. यातलं एकूण एक तिला लहानपणापासून शिकायचं होतं. पण तेव्हा दोन खोल्यांत पाच भावंडं; पोहायला जाते म्हणायचीही सोय नव्हती.

दोन हजार एक साली बँकेने व्हीआरएस जाहीर केली आणि मुक्ताने पहिल्याच आठवड्यात अर्ज दिला. एप्रिलपासून ती या वेळापत्रकाप्रमाणे दिवस काढू लागली. बुद्धिबळाच्या वर्गात तिच्यासमोर दुधाचे दात पडलेली मुलं बसायची.

"लोक व्हीआरएस घेऊन यात्रेला जातात," शेजारी नव्याने राहायला आलेल्या वेणूबाई जिन्यात म्हणाल्या. "तुम्ही बालवर्गात गेलात."

मुक्ता भरभर जिना उतरली. चित्रकलेला तीन मिनिटं कमी होती.

तिचा नवरा मच्छिंद्र टेलिफोन खात्यात होता. तो फ्रिज उघडायचा तो दाराकडे न बघता. चारेक महिन्यांत मुक्ताचं वजन उतरलं, डोळे खोल गेले, तेव्हा एकदा जेवताना तो म्हणाला, "एक काहीतरी सोड. पेटी सोड, नाहीतर जपानी."

"एक सोडलं तर मला कळणार कसं?"

काय कळायचं आहे, हे त्याने विचारलं नाही. भात कालवत राहिला.

अकरा ते पाच ती खिडकीशी खुर्चीत बसायची. झोपायची नाही, वाचायची नाही. पावणेपाचच्या सुमारास जिन्यात कुणी चढतंय असं वाटायचं. उठून दार उघडायची. जिना रिकामा असायचा. मग ती पेटीच्या वर्गाला निघायची.

पेटी शिकवणारे बाबुराव सदाशिव पेठेत तिखट जिभेचे म्हणून माहीत होते. सूर चुकला की मुलांचे आईबाप निघायचे. मुक्ताला मात्र ते कधीच काही बोलले नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "आपण पाच मिनिटं आधी उठत जा. मी काही म्हणणार नाही."

"नको. सहा म्हणजे सहा."

बाबुरावांनी मान खाली घातली आणि समोरच्या पेटीचा भाता बंद केला.

सहाला तिथून निघायचं आणि सहा-पाचला जपानीत पोचायचं, एवढंच काय ते जमत नव्हतं. बाकी सगळं जमत होतं. तिने आधीच पिशवी भरून ठेवून पाहिली. बूट घालून पाहिले. देवळामागच्या बोळातून गेली, तर दहा मिनिटं लागली. मोठ्या गल्लीने सिग्नलपर्यंत जायचं, हिरवा दिवा होईपर्यंत थांबायचं आणि पलीकडच्या बाजूने तेवढंच मागे यायचं, यात नऊ. आठाच्या खाली ती एकदाही आली नाही.

त्यात ती पावलं. बाबुरावांचा जिना उतरला की मागून ऐकू यायची. हलकी, भरभर. वळून पाहिलं की गल्लीत नुसत्या लावलेल्या सायकली. ती थांबली की पावलंही थांबायची, आणि उशीर आणखी वाढायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी ती सहाला निघाली. गल्ली संपली. समोर रस्त्यापलीकडे जपानीच्या वर्गाची पाटी दिसत होती. सिग्नल डावीकडे, लांब. ती नेहमीसारखी डावीकडे वळणार, एवढ्यात मागची पावलं थांबायच्या ऐवजी तिच्या शेजारून पुढे गेली. सरळ, रस्त्यात.

मुक्ता त्यांच्यामागे धावली.

एका बसने करकचून ब्रेक लावला. रिक्षावाला ओरडला, "मरायचंय का बाई?" पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर तिने खांबाला धरून श्वास घेतला, जिना चढली आणि दार ढकललं. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"वा, काकू! आज वेळेवर!" श्रद्धाने टाळी वाजवली.

मुक्ताने वही उघडली नाही. तास संपल्यावर ती कॉम्प्युटरला गेली नाही, सरळ घरी आली. मच्छिंद्र चहा टाकत होता. तिला या वेळी दारात बघून तो दचकला.

"आज पोचले," ती म्हणाली. "बरोबर सहा-पाचला."

त्याने गॅस बंद केला. "कशी?"

"सिग्नलला गेलेच नाही. गल्लीतून निघाले ती समोरच पळत सुटले. बाकी सगळं करून पाहिलं हो मी, पाच महिने. दुसऱ्या कशाने होत नाही."

"मुक्ता, बस कर आता."

"पोलिसांना मी काय सांगितलं होतं, आठवतं ना तुम्हाला? की भेळेच्या गाडीपाशी रेंगाळली असेल, तिची सवयच होती, म्हणून पळावं लागलं आणि बसखाली आली." ती खाली जमिनीवर बसली. "आपली सोनाली कुठेही रेंगाळली नव्हती. अकरा वर्षांच्या पोरीला वेळापत्रकात मी पाचच मिनिटं लिहून दिली होती."