बंद पंखा

पंखा बंद होता. क्विब्दोत माणूस अंघोळ करून टॉवेलपर्यंत पोचेतो पुन्हा भिजतो. अशा गावात भर दुपारी पंखा कोणी बंद केला, हेच यिर्लेसाला आधी कळेना. मग तिची नजर टेबलपंख्याच्या मानेला सुतळीने बांधलेल्या माउसवर गेली आणि तिने लॅपटॉपकडे धाव घेतली.

ती सुतळी म्हणजे नदीचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्या छोट्या संस्थेतली सर्वांत भरवशाची कर्मचारी. मोठी गणितं करणारा कॉम्प्युटर क्विब्दोत नव्हताच. तो दूर कुठल्याशा देशात भाड्याने घेतलेला. इथल्या लॅपटॉपवर त्याचा नुसता पडदा दिसे. तो कॉम्प्युटर स्वभावाने संशयी. दहा मिनिटं माउस हलला नाही, की मंडळी घरी गेली असं धरून तो चाललेलं काम पुसून टाकी. म्हणून माउस फिरत्या पंख्याला बांधायचा. पंखा मान हलवी, माउस टेबलावर घासत जाई, आणि परदेशातल्या त्या कॉम्प्युटरला वाटे, काय कष्टाळू लोक आहेत!

आता पडदा कोरा निळा होता. दोन दिवस चाललेलं गणित गेलं होतं. नदीच्या पाण्यात उरलेल्या जीवांच्या सूक्ष्म अंशांवरून कुठे कोणते मासे आहेत, ते त्यातून कळणार होतं. सोनं उपसणाऱ्या यंत्रांच्या खालच्या अंगाला मासाच उरलेला नाही, हे शुक्रवारी कोर्टात दाखवायचं होतं. यिर्लेसाचं गाव त्याच खालच्या अंगाला होतं, आणि तेच पाणी पीत होतं.

"पंखा कोणी बंद केला?"

"मी," संचालक डॉक्टर रेंतेरिया म्हणाले. "थंडी वाजत होती मला."

त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"थंडी? क्विब्दोत? डॉक्टर, थाप मारायची तर जरा हवामान बघून तरी मारा! काय दिलं त्या सोनंवाल्यांनी तुम्हाला?"

"काही दिलं नाही, पोरी. नुसती तुझ्या आईची चौकशी केली." डॉक्टरांनी हनुवटीने खिडकीकडे खूण केली. समोरच्या टपरीवर दोघे जण मोटरसायकलला टेकून बोरोहो फळाचा रस पीत होते. "एनेदिनाबाई अजून पहाटे केळी घेऊन धक्क्यावर येतात ना, म्हणाले. मग विचारलं, हा पंखा कशाला हलतोय. मी सांगून टाकलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून बंदही केला."

 यिर्लेसाने मावशीला फोन लावला.

"आईला आत्ताच्या आत्ता दूर मेदेयिनला जाणाऱ्या बसमध्ये बसव. भांडू दे भांडली तर. केळी राहू देत तिथेच!"

तिने सुतळी सोडली.

"पंखा बंदच राहू दे, डॉक्टर. काम थांबलं असं समजून त्यांना खुशाल बघत बसू दे."

क्विब्दोत धड इंटरनेट होतं ते इथेच. लॅपटॉप घेऊन ती बाहेरून दिसणार नाही अशी खिडकीखाली जमिनीवर बसली आणि गणित पहिल्यापासून सुरू केलं. "शुक्रवारी सकाळपर्यंत होईल. माउस मी हलवते. तुम्ही जा घरी."

डॉक्टर दारापर्यंत गेले. तिथे जरा घुटमळले. मग परत आले आणि गुडघे कटकट वाजवत तिच्या शेजारी बसले.

"आणि झोपशील कधी? दे इकडे."

त्यांनी माउसवर हात ठेवला. तो हात इतका कापत होता, की माउस मुद्दाम हलवावा लागलाच नाही.