छावणीची हत्यारबंदी

दगड आश्रुबाच्या कानशिलावर बसला आणि तो शेणात पालथा पडला. वरून लाथा सुरू झाल्या.

निमित्त भलतंच होतं. आपल्या देशानं क्षेपणास्त्र सोडून आभाळातला स्वतःचाच उपग्रह पाडला, ही बातमी दुपारी मोबाईलवर आली आणि सहकारी संस्थेच्या चारा छावणीत लोक नाचायला लागले. प्यायला पाणी नव्हतं, गुलाल मात्र कुठून तरी निघाला. नाचता नाचता गहिनीनाथ ओरडला, "वरचा पाडला, आता खालचा पाडा बे!" आणि त्यानं मेंढक्या आश्रुबाकडं बोट केलं.

बोट कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. शिमग्याच्या आदल्या संध्याकाळी टँकरपाशी पाण्यावरून मारामारी झाली. धुरळ्यात कुणी कुणाला दिसत नव्हतं. धुरळा बसला तेव्हा ऊसतोड टोळीचा मुकादम बंकट पोट फाटून पडला होता. त्याच दिवशी सकाळी त्याचं आश्रुबाशी मेंढरांच्या पाण्यावरून वाजलं होतं. पोलिसांनी आश्रुबाला बीडला नेलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं.

"मारू नगा त्याला!" बंकटची बायको विमलबाई मधे पडली. एक लाथ तिच्याच बरगडीत बसली, तेव्हा कुठं पाय थांबले.

"वहिनी, सरका. ह्यानंच दादाला फाडलं," गहिनीनाथ म्हणाला. तो बंकटचा जुना जोडीदार. त्या संध्याकाळी मी वडवणीच्या बाजाराला गेलतो, न्हाईतर दादा वाचला असता, असं म्हणत तो प्रेतापाशी धाय मोकलून रडला होता. आता टोळी तोच सांभाळत होता.

"तुमी बगितलं का भाऊजी? मी तर न्हाई बगितलं."

त्रिंबक गुरुजी पुढं आले. निवृत्त मास्तर, स्वतःचे दोन बैल छावणीत बांधलेले. उपरण्यानं आश्रुबाचं रक्त पुसता पुसता ते कडाडले, "लाज वाटू द्या! देशादेशांनी लिहून दिलंय, खाली किती बी भांडा, वर अणुबॉम्ब न्यायचा न्हाई. आभाळ कुणाच्या बापाचं न्हाई. बाकीची हत्यारं बी वर नकोत म्हणून लोक अजून झगडायलेत. अन् तुमी नाचायलेत!"

विमलबाईनं बरगडी दाबत विचारलं, "पण गुरुजी, एखाद्यानं चोरून नेलं तर कसं कळायचं?"

"तिथंच तर घोडं अडलंय. तपासणी पायजे. ज्यानं त्यानं आपलं हत्यार आधी म्होरं आणून दाखवायचं. त्याला कुणी तयार होईना."

विमलबाईनं आश्रुबाच्या फुटलेल्या कानाकडं बघितलं. "मंग छावणीत तरी करा," ती म्हणाली.

नुकतीच विधवा झालेली बाई शांतता मागते म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? सगळे कोयते, कुऱ्हाडी फाटकाजवळच्या खोलीत जमा झाल्या आणि किल्ली विमलबाईच्या कमरेला आली. पहिला कोयता गहिनीनाथानंच आणून ठेवला. बाकीचे मग मुकाट रांगेत आले. कोयते सगळे एकाच लोहाराच्या हातचे, दिसायला जुळे भाऊ. विमलबाई एकेकाच्या धारेवरून अंगठा फिरवायची आणि खुंटीला लावायची. मनातलं दुःख असं बाहेर पडतं, असं बायका म्हणायच्या.

रोज सकाळी ज्याचा त्याला कोयता मिळायचा. तिच्यासमोर अंगणात चाऱ्याचा ऊस तोडायचा आणि कोयता परत द्यायचा.

तिच्या घरी एकच हत्यार होतं. बंकटच्या हाताशी पडलेला कोयता पोलीस यायच्या आधी तिनं पदरात गुंडाळून नेला होता. नवऱ्याची आठवण म्हणून तो कुणी मागितला नाही. बंकट जिवंतपणीही आपल्या कोयत्याला दुसऱ्याचा हात लागू देत नसे. टोळीत तो एकटाच डावखुरा. त्याच्या शेजारच्या सरीत उभं राहायला माणसं कचरायची.

पहिल्याच सकाळी गहिनीनाथाचा घाव घसरला. कांडं तिरपं उडालं आणि त्याचं बोट थोडक्यात वाचलं. माणसं हसली. "मुकादम झाला अन् हात गेला बे ह्याचा!"

"दादा गेल्यापासून हातच चालंना, वहिनी," गहिनीनाथ म्हणाला. विमलबाईचे डोळे भरून आले. तिनं तोंड फिरवलं.

त्यानंतर तिनं धारेवरून अंगठा फिरवणं सोडलं.

छावणी शांत झाली. टँकर आला की शिव्या व्हायच्या, पण रक्त सांडलं नाही. आश्रुबा डोक्याला फडकं बांधून ऊस तोडायला बसू लागला. मोठमोठ्या देशांना जमलं नाही ते आपण करून दाखवलं, असं गुरुजी येईल त्याला ऐकवत होते. माणूस आनंदानं नुसता फुलला होता.

एका सकाळी रांगेत गहिनीनाथ पहिला होता. विमलबाईनं त्याच्या हातात कोयता दिला. "हा बगा भाऊजी, आज कसा चालतो."

त्यानं घाव घातला. कांडं एका फटक्यात सरळ तुटलं. दुसरं तुटलं, तिसरंही तुटलं. तो खुशीत हसला. "आता बसला बगा हाताला! पैल्यासारखा! काय जादू केली वहिनी?"

गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे कोयते अजून आतच होते. विमलबाईनं खोलीला कुलूप घातलं. तिच्या डाव्या हातात आणखी एक कोयता होता.

"जादू कसली? तुमचाच हाय तो, ह्यांच्या मढ्यापाशी पडलेला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुमी इतके दिस धुरळ्यात उचललेला ह्यांचा चालवत व्हतात, अन् डावखुऱ्याच्या कोयत्याला धार उलट्या अंगानं असती, उजव्या हातात तो तिरपाच जातो."