कापडाखाली

नवरीची आजी मिस अर्मिंटा हिने चर्चच्या मधल्या वाटेवर पांढरं कापड अंथरलं आणि पहिल्या बाकावर पहारा देत बसली. "नवरी त्यावरून चालेपर्यंत कुणी कोपरासुद्धा उचलायचा नाही," असा दम तिने पाद्रीबाबांनाही भरला.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. आम्ही ब्रिजटाउनची शहरातली माणसं. ऊसमळ्याकडच्या बायका करणीत पटाईत असतात, हे आईने आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. आमच्या नवरदेवाला, डेल्विनला, बायकोच्या मुठीत ठेवायला कापडाखाली काहीतरी पेरलं असणार, दुसरं काय! बहिणीच्या कानात म्हटलं, "बघच तू, खाली कोंबड्याचं पीस निघतंय की नाही."

म्हातारी पाहुण्यांना भेटायला दाराशी गेली, तशी मी पटकन वाकले आणि कापड उचललं.

पीस नव्हतं. काहीच पेरलेलं नव्हतं. खाली नुसती एका जुन्या थडग्याची फरशी होती, चालून चालून झिजलेली. त्यावर कोरलं होतं, 'जोसाया थॉर्नबरी, या ऊसमळ्याचे आणि इथल्या सर्व गुलामांचे धनी.'

थॉर्नबरी. आमचंच आडनाव.

"ठेव बाई ते खाली." मिस अर्मिंटा माझ्या मागेच उभी होती. "या मेल्याच्या नावावर आम्ही दर रविवारी मुद्दाम टाच रगडून जातो."

 

तिने वाकून कापडाचा कोपरा सरळ केला. "पण आजपासून ते आमच्या पोरीचं नाव ना, म्हणून झाकलंय."