मेंढीचा कान

नवं जनुक घातलेले जिवाणू सदतीस अंशांवर भराभर वाढायचे, एन्झाइमही ढीगभर बनवायचे. पण त्याचे नुसते निकामी गोळे व्हायचे. “तापमान अठरावर आणा, सर. सावकाश बनलं, तरच नीट घडेल,” मी चारदा सांगितलं. “कालची पोर तू, मला शिकवतेस?” आमचे प्रयोगशाळाप्रमुख झाक्सिबेक सर चारदा खेकसले. वर्ष पाण्यात गेलं. मग मी रजेवर असताना त्यांनी गुपचूप अठरावर आणलं, एन्झाइम कामाला लागलं, शोध त्यांचा ठरला. आज त्याचीच मेजवानी. मानाचं म्हणून मेंढीचं शिजवलेलं डोकं सरांपुढे आलं. त्यांनी कान कापून माझ्या ताटलीत टाकला. आम्हा कझाखांत तो लहानांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. “खा पोरी, ऐकायला शिक.” सगळे हसले. मी तो कान त्यांच्या ताटलीत ठेवला, दुसराही कापून शेजारी मांडला. “दोन्ही तुम्हीच खा, सर. चारदा सांगितलं होतं.”