हवा छान नाही

मिसेस पिकरिंग पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडल्या, तसा शेजारचा विल्फ्रेड ॲक्रॉइड दार उघडून घाईघाईनं बाहेर आला. त्याची बायको एनिड काल सकाळी हॉस्पिटलात वारली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सगळी गल्ली साखरझोपेत होती, त्यामुळे अजून कुणालाच पत्ता नव्हता. मूलबाळ नाही, भावंडं नाहीत. सांगायचं तर शेजारणीलाच.

"गुड मॉर्निंग, मिस्टर ॲक्रॉइड," मिसेस पिकरिंग म्हणाल्या. "काय सुरेख ऊन पडलंय, नाही?"

आमच्या हॅलिफॅक्समध्ये यावर "हो ना" म्हणायचं असतं. समोरचा हवेबद्दल जे म्हणेल त्याला मान डोलवायची, मग ऊन असो की गारपीट. नाही म्हणणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार लावणं. बावीस वर्षांच्या शेजारात विल्फ्रेड एकदाही चुकला नव्हता. आत्ताही ते ओठांवर आलंच होतं.

"नाही," तो म्हणाला.

मिसेस पिकरिंग थबकल्या.

"नाही. काही सुरेख नाही आजचा दिवस." आता यांनी फक्त 'का हो, काय झालं?' एवढं विचारावं. पुढचं वाक्य त्यानं रात्रभर जुळवून ठेवलं होतं.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बाई पार गोंधळून गेल्या. मग त्यांनी वर पाहिलं. आकाशात औषधालाही ढग नव्हता. पण इतका सभ्य माणूस उगाच नाही म्हणायचा नाही.

"म्हणजे, दुपारनंतर बिघडेल म्हणता?"

विल्फ्रेडनं तोंड उघडलं. बिचारीनं त्याला सांभाळून घेतलं होतं. पुन्हा नाही म्हणणं काही त्याच्याच्यानं होईना.

"हो ना," तो म्हणाला. "बिघडेल बहुतेक."

"बरं झालं सांगितलंत. एनिडलाही सांगा, आज कपडे बाहेर वाळत घालू नकोस म्हणावं."

त्या परत घरात गेल्या आणि रेनकोट चढवून आल्या. त्या लख्ख उन्हात त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, तिथं पोस्टमनला थांबवलं आणि विल्फ्रेडकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. पोस्टमननं लांबूनच आभाराचा हात केला, आणि टपालाच्या पिशवीवर प्लास्टिक ओढून घेतलं.