ताजी लागण

पिंजऱ्यात अकरा माकडं होती. सात माद्या, चार नर. त्यातल्या दोन माद्या सकाळी मरून पडल्या होत्या.

चौऱ्याहत्तर साली वसमतच्या केंद्रात माकडं तपासून लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवत. ही आली तेव्हा क्षयाच्या चाचणीत सगळी निरोगी निघाली होती. चाचणी भिवाजीनेच केली होती. बीएस्सी होऊन लागलेली त्याची पहिली नोकरी.

नवी माकडं अन्नाला तोंड लावत नसत. मग भिवाजी त्यांच्यादेखत पेरूचा लचका तोडी आणि उरलेला आत देई. ते बघून चारापाणी करणारी जिवनबाई ओरडे, "मारुतीच्या लेकरांना उष्टं काहून देतोस? आन् तुझीच हाडं दिसून राहिलीत. समदा तूच खा!"

मेलेल्या एका मादीची छाती त्याने उघडली. फुप्फुसं जवळजवळ स्वच्छ होती. त्यांच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथी मात्र बोराएवढ्या सुजल्या होत्या. त्यांत क्षयाचे जंतू सापडले.

"लागण ताजी आहे, सर," तो केंद्राचे प्रमुख डॉक्टर नरसिंगांना म्हणाला. "अजून गाठींतच आहे. म्हणजे रानातली नाही. इथे आल्यावर माणसाकडून लागली."

"माणसं आहेत किती इथे? मी तर आठवड्यातून एकदा येतो."

"जिवनबाई खोकते."

जिवनबाईने ऐकलं. "हळदीच्या धुळीनं खोकून राहिले, लेकरा. बाजूला दिवसभर हळदीचं पॉलिश चालतंय. समदी पेठ खोकती."

"थुंकी तपासू. तोवर पिंजऱ्याजवळ यायचं नाही," भिवाजी घसा खाकरून म्हणाला.

त्याने तिला फाटकापाशी बसवलं. तिने प्यायला पाणी मागितलं, ते तिच्या ओंजळीत वरून ओतलं. ओंजळीतून ते गळत राहिलं, पण तिने मान वर केली नाही. आपल्या आईला गावात असंच पाणी पिताना त्याने पाहिलं होतं. रोगाला जात नसते, असं त्याने स्वतःला बजावलं.

"आमच्या तांड्यावर सांगू नको, बाबा," ती हळूच म्हणाली. "नातीचं लगीन ठरलंय. पाव्हण्यांनी ऐकलं तर मोडतील."

"तिथे लहान लेकरं आहेत, बाई. लपवून कसं चालेल?"

तपासणी व्हायच्या आधीच तो सायकलीवरून तांड्यावर गेला आणि तांड्याचे प्रमुख धर्मसिंग नायकांच्या कानावर घालून आला. संध्याकाळी नातीच्या सासरचे पाहुणे जेवण न करता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी जिवनबाई फाटकाबाहेर पदर तोंडावर धरून उभी होती.

"बघितलंस का?"

"आता बघतो."

त्याला तिच्याकडे बघवेना.

आत दोन काचा रंगवून ठेवल्या होत्या. एक जिवनबाईच्या थुंकीची. दुसरी, नियमाप्रमाणे, तुलनेसाठी निरोगी माणसाची; केंद्रात दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्याने स्वतःचीच घेतली होती. जंतू असले की निळ्यावर लाल काड्या दिसतात.

जिवनबाईच्या काचेवर त्याने सूक्ष्मदर्शकातून शंभर जागा तपासल्या. लाल काडी एकही नव्हती. भिंग पुसून पुन्हा तपासल्या. नव्हती.

मग त्याने दुसरी काच लावली.

शंभर जागांत लाल काड्या चौऱ्याऐंशी.