शेजारच्या मंडपातली भुतं

भुताने नाकपुडीतून अळी काढली, निरखून पाहिली आणि तोंडात टाकली. शेजारच्या मंडपात हशा पिकला. हातातली उदबत्ती लमुनने राखेच्या भांड्यात कशीबशी खोचली आणि ती पायऱ्या उतरली.

विहाराच्या आवारात अंत्यविधीचे मंडप दोन. एकात तिच्या नवऱ्याची, चम्नानची शवपेटी. आज पठणाची शेवटची संध्याकाळ, उद्या अग्नी. दुसऱ्यात सिनेमावाले. चार भुतांच्या चार हसवणाऱ्या गोष्टींचा एक सिनेमा म्हणे, त्यातली तिसरी गोष्ट इथे चाललेली. पहिल्या संध्याकाळपासून लमुन सोसत होती. इकडे भिक्खूंनी ताडाचे पंखे तोंडापुढे धरून सूर लावला, की तिकडून ढेकर. कधी त्याहून ओंगळ आवाज.

जवळून तर बघवत नव्हतं. खोट्या पेटीत बसलेल्या जाड्या भुताच्या गालावरून ताडगुळाचा पाक ओघळत होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. अळ्या म्हणजे चिकट भाताची शितं. खोट्या भिक्खूंनी खऱ्यांसारख्या भुवयासुद्धा भादरलेल्या. त्यातला एक चीवर नेसूनच भाजलेलं सॉसेज चघळत होता.

"किळस येते मला तुमची," लमुन म्हणाली. "तिकडे माझा माणूस पेटीत आहे. खराखुरा मेलेला. आणि तुम्ही इथे मढ्याची थट्टा करताय?"

जाडं भूत धडपडत पेटीतून उतरलं आणि त्याने हात जोडले. "चुकलं, आजी. शपथेवर सांगतो, तिकडे पठण चाललंय ते कळत होतं, पण घरचं कुणी असेल असं वाटलंच नाही. कुणी दिसलंच नाही हो."

दिग्दर्शक मुलीने पठण संपेपर्यंत काम थांबवायला सांगितलं. लमुन आपल्या मंडपात परतली.

आता शेजारचा गोंगाट थांबला, आणि पठणाच्या आडून सगळं ऐकू यायला लागलं. छताचा पंखा करकरत होता. पुष्पचक्रांच्या फिती फडफडत होत्या. एका फितीवर मुलाचं नाव, एकीवर मुलीचं. चांगलं ठसठशीत, लांबून वाचता येईल असं. फुलं वेळेवर पोचली होती. पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्यांच्या रांगा मात्र रिकाम्या. लमुनला वाटलं, त्या अळ्यांपेक्षा या फितीच जास्त ओंगळ.

लग्नाआधी चम्नान चीवरात होता. याच विहारात तो महाजातकाचं, बुद्धाच्या आधीच्या जन्मातल्या दानशूर राजपुत्राच्या कथेचं, प्रवचन गाई. हावरा भिकारी खाऊन खाऊन पोट फुटून मरतो, तिथे तो भर आसनावरून सुरात ढेकर देई आणि लोक गडबडा लोळत. आणि राजपुत्र आपली लेकरं त्याच भिकाऱ्याला दान देतो, तिथे तेच लोक पंच्यांनी डोळे पुसत. ते सगळे ऐकणारे मागच्या दाहगृहाच्या धुराड्यातून एकेक करून निघून गेले होते. उरली होती एकटी लमुन.

कोपऱ्यात पेजेचं भलंमोठं पातेलं होतं. वर साय धरायला लागली होती.

शेवटच्या पठणाआधी भिक्खू जरा थांबले, तशी ती उठली आणि पुन्हा पलीकडे गेली. तिला पाहून भुतं घाबरून उभी राहिली.

"आजी, आम्ही हूं की चूं केलं नाही!"

"माहीत आहे." तिची नजर त्या जाड्याच्या गालावरच्या मुंग्यांवर गेली. किळस अजून होतीच. "पेज केलीय. वाया जाईल. चला सगळे, आधी पुढच्या रांगेत बसा, मग जेवा."

"येतो की! तेवढी तोंडं धुतो, आजी. असल्या घाणेरड्या अवतारात आजोबांसमोर कसं बसायचं?"

"तसेच चला," लमुन म्हणाली. "आता तेही तुमच्यातलेच."